अर्जातला ‘निरंक’

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या शेवगावच्या कार्यालयात तालुक्यातील एका वस्तीवरचे पाच-सहा तरुण आले. जयभीम झाला, पाणी झाले आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक फाईल काढून टेबलावर ठेवली. वस्तीची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की प्रेत छातीएवढ्या पाण्यातून न्यायचे, नाही तर पाणी ओसरेपर्यंत घरात ठेवायचे. गावाची म्हणून जी स्मशानभूमी आहे ती अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून आहे. पण ती ‘गावाची’ आहे. या दैनिकाच्या वाचकांना याहून अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

तर ओढ्यावर नळकांडी पूल आणि पलीकडे पत्र्याचे शेड, असे काम अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकास निधीतून सुचवलेले होते. अर्ज ठेकेदाराच्या माणसाने टाईप करून दिला होता. “वकीलसाहेब, एकदा नजर टाका आणि प्रतिज्ञापत्र करून द्या, सोमवारी दाखल करायचंय,” एवढेच पोरांचे म्हणणे. आम्ही नजर टाकली. तिसऱ्या पानावर एक रकाना होता : प्रस्तावित बांधकामामुळे बाधित होणाऱ्यांचा तपशील. त्यासमोर एकच शब्द : निरंक.

हा शब्द आम्ही वकिली सुरू केल्यापासून सरकारी कागदांवर वाचत आलो आहोत. गायरान पिढ्यान्‌पिढ्या कसणारे भूमिहीन डोळ्यांसमोर उभे असतात आणि वहिवाटीच्या रकान्यात निरंक असते. वस्तीचा हातपंप वर्षभर बंद असतो आणि तक्रारींच्या रकान्यात निरंक असते. या एका शब्दाने आमची किती माणसे कागदावरून पुसली गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण या खेपेस तो शब्द आमच्याच अर्जावर होता आणि खाली सह्या आमच्याच पोरांच्या होत्या.

जागा पाहिल्याशिवाय पाण्याच्या कामाचा अर्ज करू नये, हा आमचा जुना नियम. दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्यावर गेलो. पूल जेथे प्रस्तावित होता त्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर, भिल्ल समाजाची चार खोपटी आहेत. पुलाला तीन फुटी व्यासाचे दोन सिमेंट पाइप दाखवले होते. ज्याने ओढ्याचा पूर पाहिला आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. पुरात बाभळीच्या फांद्या, उसाचे पाचट, मेलेली जनावरे वाहत येतात, पाइपाच्या तोंडाशी अडकतात आणि पाणी मागे फुगते. मागे म्हणजे कोठे? त्या चार खोपट्यांत. आमचे प्रेत कोरड्या पायाने जावे म्हणून त्यांची जिवंत माणसे पाण्यात. आणि रकान्यात निरंक!

हे आम्ही वाढवून सांगत नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात एका रात्रीत जो पाऊस झाला त्याने नंदिनी नदीकाठच्या आखेगाव, वरूर, भगूर या गावांची काय दशा केली, ते तालुक्याने पाहिले आहे. गोठ्यात बांधलेली जनावरे दाव्यासकट गेली. त्या रात्री या ओढ्याचे पाणी कोठवर आले होते, असे आम्ही वस्तीतल्या एका आजींना विचारले. त्यांनी लिंबाच्या बुंध्याला हात लावला. “हितवर. हा फाटा बुडाला व्हता.” आम्ही टेप लावून मोजले. पुलाची आखलेली उंची त्या खुणेच्या दीड हात खाली होती.

येथे कायद्याचे थोडे सांगितले पाहिजे. ओढा कोणाचा? १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले, तळी आणि वाहते-साचलेले पाणी ही शासनाची मालमत्ता आहे. म्हणून काठाचा सातबारा कोणाच्याही नावावर असो, पात्रात बांधकाम करायचे तर परवानगी घ्यावी लागते. मोठ्या नद्यांना जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. आमच्या या ओढ्याला कोणतीच रेषा नव्हती. जेथे रेषा नाही तेथे त्या आजींच्या हाताची खूण हाच पुरावा. म्हणून ती खूण जागेवर पंचनामा करून, पंचांच्या सह्या-अंगठ्यांसह अर्जाला जोडायची. अभियंत्याच्या नकाशापेक्षा आजींचे ज्ञान कमी दर्जाचे आहे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. पूर्वी गावाच्या शिवेचा तंटा पडला की साक्ष कोणाची घेत? महाराची. शीव, ओढा, खूण ज्याच्या तोंडपाठ, तो माणूस आमचाच होता. फक्त त्याच्या ज्ञानाची किंमत वतनाच्या तुकड्यात आणि शिळ्या भाकरीत केली जात होती.

आमच्या पोरांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी अर्ज तसाच लिहिला, जसे अर्ज त्यांनी पाहिले होते. मोठमोठे अर्जदार हेच करतात. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आणि तिच्यावर नाथसागर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. शेवगाव तालुक्यातील जमिनी त्यात बुडाल्या. पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक काढणारे, जाळे टाकून पोट भरणारे भोई आणि कहार, असे एक वेगळेच जग या जलाशयाच्या काठी उभे राहिले. १९८६ साली हाच जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. २०१७ साली त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही आखले गेले.

या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्यासाठी टीएचडीसी या सरकारी कंपनीने निविदा काढली. पैठणच्या कहार समाज पंच समितीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथेही एप्रिल २०२५ मध्ये अपील फेटाळले गेले आणि प्रत्येक प्रकल्पाला विरोध केला तर देश पुढे कसा जाईल, अशी विचारणा झाली. न्यायालयाचा आम्ही आदर करतो. सौरऊर्जेलाही आमचा विरोध नाही. बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना त्यांनी दिशा दिली. पाणी अडवावे, त्यातून वीज काढावी, या विचारांचे ते होते. तेव्हा प्रश्न सौर पत्र्यांचा नाही. ज्या पाण्यावर ते पत्रे तरंगणार त्या पाण्यावर आज कोणाची चूल पेटते, हे कोणत्या कागदावर, कोणत्या टप्प्यावर लिहिले जाते, हा प्रश्न आहे. आणि उत्तर असे की, तसा टप्पाच नाही. सौर फोटोव्होल्टाईक प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरण मंजुरी लागत नाही. मंजुरी नाही म्हणून आघात-अहवाल नाही, अहवाल नाही म्हणून जनसुनावणी नाही. मच्छीमाराला आपले म्हणणे मांडायला पहिला दरवाजा सापडतो तो थेट न्यायाधिकरणाचा, तोही निविदा निघाल्यावर.

मग पाणथळ जागांचा कायदा काय करतो? २०१० च्या नियमांत जलाशय आणि मानवनिर्मित पाणथळ जागा व्याख्येत होत्या. २०१७ च्या नव्या नियमांनी सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय बाहेर काढले. नदीपात्रे आधीपासून बाहेरच होती. गंमत पाहा, याच गोदावरीवर वरच्या बाजूला नांदूर मध्यमेश्वर आहे. तेही माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यामागेच तयार झालेले. ते २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेच पाणी खाली नाथसागरात आले की व्याख्येतून गळते. पक्ष्यांना हा फरक अजून कोणी समजावून सांगितलेला नाही.

सर्व दारे बंद आहेत असेही नाही. अभयारण्यातील अधिवास नष्ट करणारे किंवा पाण्याचा प्रवाह वळवणारे काम करायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २९ खाली परवाना लागतो. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियम ४ च्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या हद्दी प्रत्यक्ष जागेवर जाऊन निश्चित करण्याचे आदेशही दिले. हद्द ठरवायला माणसे येतील तेव्हा काठावरचा माणूस तेथे हजर पाहिजे. नाही तर तेथेही निरंक.

ज्या प्रकल्पांना मंजुरी लागते त्यांचा अर्ज तरी काय विचारतो? २००६ च्या अधिसूचनेसोबतचा फॉर्म-१ आमच्या तरुण वकिलांनी एकदा वाचावा. पंधरा किलोमीटरच्या आतील पाणथळ जागा, जलप्रवाह, जंगले यांची नावे आणि हवाई अंतर विचारलेले आहे. ‘मासेमारी’ हा शब्द आहे, पण दुर्मीळ साधनसंपत्तीच्या यादीत, खनिजांच्या पंगतीला. मासे धरणारा माणूस नाही. एका ठिकाणी दुर्बल गटांना बाधा पोहोचेल काय, असाही प्रश्न आहे. उदाहरणे दिली आहेत रुग्ण, मुले, वृद्ध यांची. भूमिहीन नाही, गाळपेर कसणारा नाही. पण त्या उदाहरणांपुढे ‘इत्यादी’ आहे. वकिलाची सगळी करामत त्या ‘इत्यादी’त आहे. जनसुनावणीची नोटीस तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात द्यावी लागते. ती कोणत्या दैनिकात येते, हे आमच्या वाचकांनी आठवून पाहावे.

चवदार तळ्याचा लढा आपण २० मार्च १९२७ या तारखेने ओळखतो. पण तळे खाजगी आहे असा दावा विरोधकांनी त्याच वर्षी लावला आणि तो १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात संपला. दहा वर्षे! अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन रूढी त्यांना पुराव्याने सिद्ध करता आली नाही, म्हणून बाबासाहेब जिंकले. ओंजळीतले पाणी इतिहासात गेले, पण त्या ओंजळीमागे दहा वर्षांची कागदपत्रे होती. आज आपल्यात मोर्चाला पाचशे तरुण मिळतात, तहसीलमधून नकाशाची नक्कल काढायला पाच मिळत नाहीत.

असो. त्या फाईलचे काय झाले? आम्ही अर्ज नव्याने लिहिला. सातबारा, मोजणीचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव, लिंबाच्या खुणेचा पंचनामा जोडला. तलाठ्यांकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) वरच्या अंगाच्या वस्तीची स्थळपाहणी मागितली. पाइप काढून मोकळ्या गाळ्याचा, खुणेपेक्षा उंच स्लॅबचा साकव मागितला. खर्च मंजूर रकमेपलीकडे गेला आणि प्रस्ताव सुधारित अंदाजपत्रकासाठी परत आला. पोरे संतापली. “गावातल्या बड्यांची दुकानं ओढ्यात उभी आहेत, त्यांना कोणी पूररेषा विचारली? नियम फक्त आपल्यालाच का? पावसाळ्यात मढं तुम्ही उचलणार का वकीलसाहेब?” त्यांचा पहिला प्रश्न शंभर टक्के खरा आहे आणि त्या दुकानांविरुद्धचा अर्जही आम्ही दिला आहे. शेवटच्या प्रश्नाला आम्ही होय म्हणालो. त्या पावसाळ्यात एकदा उचललेही.

खरी अडचण वेगळीच निघाली. बाधितांच्या रकान्यात नावे लिहायची म्हणून आम्ही भिल्लवस्तीवर गेलो. तिथले एक म्हातारे बाबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “नाव लिवलं तर उठिवणार न्हाई ना आमाला?” जागा सरकारी. नाव कागदावर आले की बाधित म्हणून येईल की अतिक्रमणदार म्हणून, हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून. छातीवर हात ठेवून ‘नाही उठवणार’ असे सांगणे आम्हाला जमले नाही. शेवटी रकान्यात ‘वरच्या अंगास चार कुटुंबे, पुराचे पाणी फुगल्यास बाधित’ एवढेच लिहिले. नावे आणि अंगठे वेगळ्या प्रतिज्ञापत्रावर घेतले. ते आमच्या कपाटात आहे. त्यांच्या राहत्या जागा नियमित करण्याचा अर्ज आधी दाखल होईल, मगच ते बाहेर काढू, असे बाबांना कबूल केले आहे. तो अर्ज आता टाईप होतो आहे.