गीझर गेला, पैसे कोणी भरायचे?

जानेवारीची सकाळ, साडेसातचं लेक्चर आणि बाथरूममधून रूममेटची आरोळी, 'अरे, पाणी गारच येतंय!' फ्लॅट शेअर करून राहत असाल, तर पुढचा सीनही तुम्हाला पाठ असेल. मालक फोनवर सांगतात, 'वापरता तुम्ही, मग तुम्हीच बघा.' लगेच जीपे करायला जाऊ नका. आधी थोडा हिशोब करू.

पहिला प्रश्न, गीझर खरंच गेलाय का? बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल, तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि शेवटी ती जळते. कॉइल किंवा थर्मोस्टॅट बदलून काम भागत असेल, तर खर्च काहीशे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत जातो. टाकीच गळत असेल, तर मात्र नवीनच घ्यावा लागतो.

नवीन १५ लिटरचा गीझर साधारण सहा ते दहा हजारांना पडतो. पाइप, व्हॉल्व्ह आणि फिटिंगचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात, ते आधीच विचारा. आयएसआय मार्क आणि स्टार रेटिंग बघा. उंच इमारतीत राहत असाल, तर ८ बार प्रेशर झेपणारं मॉडेल लागतं.

आता मुद्द्याचं. आठ हजार चौघांत वाटले, तर प्रत्येकी दोन हजार. म्हणजे जवळपास महिन्याची मेस! आणि अकरा महिन्यांनी तुम्ही निघता, गीझर भिंतीवरच राहतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात गीझरची दुरुस्ती भाडेकरूच्या यादीत आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. शिवाय दुरुस्ती वेगळी आणि नवीन वस्तू घेणं वेगळं. म्हणून अ‍ॅग्रीमेंट उघडा. फिटिंगच्या यादीत गीझर आहे का, दुरुस्ती कोणाकडे आहे, ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल, तर मधला मार्ग सुचवा: 'काका, गीझर तुम्ही घ्या, फिटिंगचं आम्ही बघतो.' किंवा तुम्ही घ्या आणि भाड्यातून वळते करा. जे ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. जुना गीझर परस्पर भंगारात घालू नका, तो मालकांचा आहे.

तोवर काय? हीटिंग रॉड चालेल. १५०० वॅटच्या रॉडनं २० लिटरची बादली अर्ध्या तासाच्या आत तापते, वीज लागते साधारण अर्धा युनिट. फक्त बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. 'स्वस्तात पडतो' म्हणून बंद बाथरूममध्ये गॅस गीझर तर नकोच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यानं जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

दोन हजार परत कमावता येतील. आज अ‍ॅग्रीमेंट तेवढं वाचून ठेवा, गीझर चालू असतानाच!