काच कधीची, चित्र कधीचं?

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथेच दुर्बिणी लावल्या आणि हेलियमचा शोध लागला, असं आजही सांगितलं जातं. पण १८ ऑगस्ट १८६८ला लॉकियर इंग्लंडात होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच दिवशी जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नेगामवाला यांचाही तळ पडला होता.

समजा, कागदपत्रं नाहीशी झाली असती आणि तळावरची एखादी फोटोची काच तेवढी उरली असती. तरीही या तीस वर्षांचा निवाडा करता आला असता, कारण मधल्या काळात काचेवरचं रसायन मुळापासून बदललं होतं.

१८६८मध्ये काचेवर फोटो म्हणजे बहुतेक वेळा ओलं कोलोडियन. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ही रीत १८५१मध्ये प्रसिद्ध केली. ईथर आणि अल्कोहोलमध्ये गनकॉटन विरघळवून केलेलं दाट द्रावण काचेवर ओतायचं, तव्यावर घावन फिरवावं तशी काच तिरकी करत ते कोपऱ्याकोपऱ्यात पोचवायचं आणि उरलेलं बाटलीत परत घ्यायचं. मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे डेव्हलप करायचा. थर दहा-पंधरा मिनिटांत सुकत असे, आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही लवकर. त्यामुळे फोटोग्राफरबरोबर अंधाऱ्या खोलीचा तंबूही हिंडायचा. या हातघाईच्या खुणा काचेवर राहतात. थर कडेपर्यंत सारखा पोचलेला नसतो, एका कोपऱ्यात ओघळाची जाड रेघ दिसते, दुसऱ्यात काच धरलेल्या अंगठ्याची मोकळी जागा. वरून वॉर्निश असतं. काळ्या कापडावर ठेवून पाहिलं तर चित्राचा रंग दुधाळ-तपकिरी वाटतो.

१८७१मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा प्रयोग प्रसिद्ध केला, १८७८मध्ये चार्ल्स बेनेट यांनी तो थर प्रकाशाला कितीतरी जास्त संवेदनशील करून दाखवला, आणि पुढच्या काही वर्षांत इलफर्ड, लियाँ आणि रॉचेस्टरच्या कारखान्यांतून सुक्या प्लेट खोक्यांत भरून जगभर जाऊ लागल्या. सुक्या प्लेटची काच पातळ, कापलेली कड सरळ, थर यंत्रानं दिलेला म्हणून सगळीकडे सारखा, चित्र निव्वळ काळं. जुनी झाली की कडांवर निळसर, आरशासारखी चांदी वर येते. १८९८च्या ग्रहणाच्या काचा या जातीच्या असणार.

तरी नुसतं कोलोडियन ओळखून ‘१८८०पूर्वीची’ असा शिक्का मारू नये. ब्लॉक बनवणाऱ्या छापखान्यांत ओली प्लेट विसाव्या शतकातही वापरात होती. खोक्यावरच्या नावावर तर मुळीच भिस्त ठेवू नये: रिकाम्या खोक्यात दुसऱ्याच काचा भरून ठेवण्याची सवय प्रत्येक स्टुडिओला होती.

मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो कुंकवाचा. सुरुवातीच्या प्लेटना फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. त्यामुळे आकाश कोरं पांढरं, आणि लाल कुंकू, लाल पागोटं, झेंडूची माळ सगळं काळं. १८८०च्या दशकात ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट बाजारात आल्या आणि पिवळा रंग उजळला. लाल मात्र काळाच राहिला. सगळे रंग जाणणारी पँक्रोमॅटिक प्लेट ‘रॅटन अँड वेनराइट’ कंपनीनं १९०६मध्ये विकायला काढली. तेव्हा लाल कुंकू करडं दिसत असेल, तर काच १९०६च्या आधीची नसावी. उलट अनुमान मात्र चालत नाही. ऑर्थो प्लेट लाल दिव्याच्या उजेडात डेव्हलप करता येई, म्हणून स्टुडिओवाल्यांनी ती पुढेही पुष्कळ वर्षं सोडली नाही.

मग चित्रात शिरायचं. मुंबईचं दृश्य असेल तर काम सोपं होतं: घोड्यांची ट्राम १८७४ची, राजाबाई टॉवर १८७८चा, महापालिकेची इमारत १८९३ची, विजेची ट्राम १९०७ची, गेटवे १९२४चा. जे दिसतं त्यानं आधीची मर्यादा ठरते. जे दिसत नाही त्यानं नंतरची ठरते, पण त्या कोनातून ते दिसायला हवं होतं याची खात्री असेल तरच. आणि काच उलटी धरली नाही ना, हे आधी तपासावं. चकचकीत बाजूनं पाहिलं की चित्र सुलट दिसतं, इमल्शनच्या, म्हणजे रसायनाच्या थराच्या, निस्तेज बाजूनं उलट. उलट पाहिलेल्या काचेत डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि त्यावरून घराण्याचा प्रांतसुद्धा चुकू शकतो.

स्टुडिओतल्या फोटोंत ना इमारत असते ना ट्राम. तिथे मागचा रंगवलेला पडदा कामाला येतो. एकाच स्टुडिओच्या काचा शेजारी शेजारी मांडल्या की पडद्याची भेग कशी वाढत गेली, खुर्चीचा हात कधी मोडला, हे दिसतं आणि काचांचा क्रम लागतो. त्यात एका लग्नाची तारीख घरच्यांना माहीत असली तर आजूबाजूच्या काचाही जागेवर बसतात. काचेवर क्रमांक लिहिलेले असतील तर फारच उत्तम. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या फोटोंवर असे क्रमांक आढळतात. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

खरी फसगत होते ती फोटोवरून काढलेल्या फोटोनं. घरातलं माणूस गेलं की जुना, पिवळा पडलेला प्रिंट स्टुडिओत नेऊन मोठा करून घ्यायची पद्धत होती. त्यासाठी आधी त्या प्रिंटचीच नवी निगेटिव्ह काढत. अशा वेळी काच १९३०ची, चेहरा १८७५चा. भिंगाखाली पाहावं: कागदाची सुरकुती, पुठ्ठ्याची कड, कोपऱ्यातल्या टाचणीची सावली चेहऱ्याइतकीच रेखीव आलेली असते. इथे वयं दोन आहेत आणि दोन्ही लिहायला हवीत. सालही एकच ठोकून देऊ नये. ‘१८७८ ते १८९३, राजाबाई टॉवर आहे, महापालिका नाही’ असं कारणासकट लिहावं, म्हणजे पुढच्या माणसाला ते तपासता येतं.

हे सगळं कोरड्या हातांनी, कडेला धरून करायचं. पाण्याचा थेंब टाकून जिलेटिन ओळखायचा मोह आवरावा, अल्कोहोलचा बोळा तर अजिबात फिरवू नये. त्यानं वॉर्निश आणि कोलोडियन दोन्ही विरघळतात. लिखाण पाकिटावर, पेन्सिलीनं, काच आत घालण्यापूर्वी करावं. आणि काचा एकावर एक न रचता लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात.