जुन्या लॅपटॉपला नवं वायफाय

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात १९८४पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. थोरल्या भावंडाचा लॅपटॉप धाकट्याकडे येणं इथं नवलाचं नाही. असं जुनं यंत्र वायफायला कुरकुरू लागलं, की नवं कार्ड बसवणं हा स्वस्तातला उपाय. पण आधी मागचं झाकण उघडून खाच बघावी. साधारण २०१३पर्यंतच्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस, पुढच्यांत एम.२. एकाचं कार्ड दुसऱ्यात जात नाही. अँटेनाच्या वायरींची टोकंही वेगळ्या मापाची.

खरा घोळ त्यापुढे. २०१२च्या थिंकपॅड एक्स२३०च्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच आहे. यादीबाहेरचं कार्ड दिसलं, की पडद्यावर '१८०२' हा एरर झळकतो आणि लॅपटॉप सुरूच होत नाही. कार्ड मात्र धडधाकट! पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर कंपनीचा असा पहारा चीड आणणाराच.

एम.२वाल्यांनीही नाव नीट वाचावं. इंटेलचं एएक्स२०१ इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतं, कारण त्याचं बरंचसं काम चिपसेटमध्ये होतं. जुळ्या भावासारखं दिसणारं एएक्स२०० मात्र स्वतंत्र आहे.

यादीत अडकलेल्यांना यूएसबी डोंगल सोपं. तिथं ती यादी आडवी येत नाही.