नाव तेच, बॅच वेगळी

औषधाच्या दुकानात आपण गोळीचे नाव सांगतो. पट्टीवरचा बॅच नंबर सांगून गोळी मागणारा माणूस निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. पण एखाद्या औषधात दोष निघाला, तर कोणता साठा परत मागवायचा हे त्या बारीक छापलेल्या नंबरावरूनच ठरते. सॉफ्टवेअरच्या जगातही हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की तिथे माल मागवणारा बहुतेक वेळा माणूस नसतोच.

मोठमोठ्या वेबसाइट आणि अ‍ॅपमागचे कितीतरी प्रोग्रॅम आज ‘कंटेनर’मध्ये चालतात. प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणि बाकीच्या फाइल एकाच गाठोड्यात बांधायच्या, म्हणजे ते कुठल्याही सर्व्हरवर सोडले तरी सारखेच चालते. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने ही पद्धत घरोघरी नेली. या गाठोड्याला ‘इमेज’ म्हणतात (फोटोशी त्याचा काही संबंध नाही). इमेज जिथे साठवतात ते गोदाम म्हणजे ‘रजिस्ट्री’. ‘डॉकर हब’ हे त्यातले सर्वांत परिचित.

प्रोग्रॅमरने कोडमध्ये बदल केला, की एक स्वयंचलित साखळी सुरू होते. तिला ‘पाइपलाइन’ म्हणतात. ती रजिस्ट्रीतून पायाभूत इमेज उतरवते, तिच्यावर नवा कोड चढवते, चाचण्या घेते आणि तयार इमेज पुन्हा रजिस्ट्रीत ठेवते. तिथून सर्व्हर ती उचलतात. रात्री दोन वाजताही हे सगळे कुणाला न विचारता पार पडते.

अडचण आहे ती मागवण्याच्या पद्धतीत. इमेजच्या नावापुढे ‘टॅग’ लावतात. टॅग म्हणजे वरून चिकटवलेली चिठ्ठी. गोदामात माल ठेवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो ती काढून दुसऱ्या गाठोड्यावर लावू शकतो. ‘लेटेस्ट’ हा टॅग तर नावानेच फसवतो. ती इमेज सर्वांत नवी असेलच असे नाही. टॅग सांगितला नाही, तर यंत्रणा हा शब्द गृहीत धरते, इतकेच. त्यामुळे सोमवारी चाचणीत उतरलेली इमेज आणि मंगळवारी त्याच नावाने सर्व्हरवर चढलेली इमेज वेगळी असू शकते.

यावरचा उपाय रजिस्ट्रीतच आहे. प्रत्येक इमेजचा गणिताने काढलेला ६४ अक्षर-अंकांचा ठसा असतो, त्याला ‘डायजेस्ट’ म्हणतात. आत एक अक्षर बदलले तरी तो पूर्ण बदलतो. डायजेस्ट देऊन मागवले, तर तेच गाठोडे मिळते, नाहीतर काहीच मिळत नाही. मग सगळेच तसे का करत नाहीत? कारण ठसा पक्का केला की नव्या सुरक्षा दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. कुणीतरी तो वेळोवेळी बदलावा लागतो, आणि हे कंटाळवाणे काम आहे. शिवाय ठसा फक्त माल तोच असल्याचे सांगतो, तो चांगला असल्याचे नाही.

कोडची किती चाचणी झाली हे मोजणाऱ्या ‘कोडकव्ह’ या कंपनीचे २०२१ मधले प्रकरण इथे आठवते. इमेज थराथरांनी बनते. खालच्या थरातली फाइल वरच्या थरात पुसली, तरी खाली ती तशीच राहते. कोडकव्हच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका इमेजच्या अशाच आतल्या थरात एक गुप्त किल्ली राहून गेली. ती हल्लेखोरांच्या हाती लागली. तिच्या जोरावर त्यांनी ३१ जानेवारीपासून कंपनीची एक स्क्रिप्ट अधूनमधून बदलली. ही स्क्रिप्ट ग्राहकांच्या पाइपलाइन थेट उतरवून चालवत असत. बदललेली स्क्रिप्ट त्या पाइपलाइनमधले पासवर्ड आणि किल्ल्या गुपचूप बाहेर पाठवू लागली. काम नेहमीसारखेच चालू होते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

दोन महिन्यांनी, १ एप्रिलला, एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा ठसा काढला आणि कंपनीने जाहीर केलेल्या ठशाशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले नाहीत, आणि त्याने कंपनीला कळवले.