भीमेपलीकडचं अम्मीचं माहेर

‘नानी, नक्को मत बोला करो. नहीं चाहिए बोलो.’

माझी नववीतली मुलगी हे अम्मीला म्हणाली तेव्हा मी भाकरी थापत होते. अम्मी हसली, पण त्या दिवशी दस्तरख्वानवर फारसं बोलली नाही. मुलीला रागवायला उठले आणि तशीच बसले. कारण ही शिकवण तिला माझ्याकडूनच मिळाली होती. मी उर्दू आणि मराठी शिकवते. ‘नक्को’, ‘मेरेकू’, ‘बाताँ’ असं वहीत दिसलं की लाल शाईने गोल करायचा, ही माझी कितीतरी वर्षांची सवय. मुलं घरी बोलतात ती बिघडलेली उर्दू, असंच मला बी.एड.च्या आधीपासून शिकवलं गेलं होतं आणि मीही तेच पुढे शिकवत आले.

अम्मीचं माहेर इंडी तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं. अकरा वर्षांत ती तिकडे गेली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी निघालो. नातेपुत्याहून पंढरपूर, पंढरपूरहून सोलापूर आणि तिथून विजापूरची गाडी. विजापूरचं सरकारी नाव 2014 पासून विजयपुरा झालं असलं तरी आमच्या घरात अजून विजापूरच म्हणतात.

सरहद्द म्हणजे काय ते आधी एसटीच्या तिकिटावर कळलं. महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास. त्यामुळे राज्याच्या हद्दीपर्यंत अम्मीचं शून्य आणि आम्हा मायलेकींचं निम्मं, पुढे तिघींचं पूर्ण. कर्नाटकातही बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ती तिथल्या रहिवासी बायकांना. अम्मी कंडक्टरला म्हणाली, ‘भाऊ, जन्म त्या बाजूला झाला आणि आधार कार्ड या बाजूचं, माझं काय करणार?’ कंडक्टर हसले आणि त्यांनी तिकीट फाडलं.

सोलापूर सोडल्यावर टाकळीजवळ भीमेचा पूल लागतो. अलीकडे टाकळी, महाराष्ट्र. पलीकडे धूळखेड, कर्नाटक. नदी तीच. आमच्या माळशिरस तालुक्याच्या उत्तरेने वाहणारी नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळते, पंढरपुरात तिला चंद्रभागा म्हणतात आणि इथे ती दोन राज्यांची हद्द होते. पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. बाकी शेतात तीच ज्वारी, तोच ऊस, तीच तूर.

अम्मी जन्मली तेव्हा ही हद्द नव्हती. विजापूर आणि सोलापूर दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली आणि विजापूर म्हैसूर राज्यात गेलं. नंतरचा सीमावाद आपण सगळे जाणतोच, त्यात मी शिरत नाही. एवढंच सांगते की रेघ कुठेही ओढली तरी दोन्हीकडे दुसऱ्या भाषेची माणसं उरतातच. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात आजही कानडी माध्यमाच्या शाळा आहेत.

मामूंच्या घरी पोचलो तर अंगणात तीन भाषा चालू होत्या. मामू शेजारच्या गौडांशी कानडीत बोलत होते. फोनवर सोलापूरच्या मार्केट यार्डातल्या अडत्याशी लिंबाच्या भावावरून मराठीत हुज्जत. आणि मुमानींना हाक, ‘अगे, पाहुने आए, चाय रखो ना!’ एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना त्यांना अडखळावं लागत नव्हतं. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दालचा आणि भात. आपल्या भाकरीला तिथे ‘रोट्टी’ म्हणतात. माझी मुलगी म्हणाली, हे तर आपलंच जेवण. अम्मी म्हणाली, ‘मग मी काय परदेशातून आले होते?’

मामू मोहरमचं सांगत होते. त्यांच्या गावात पंजे बसतात तेव्हा करबल्याच्या कथेवरची ‘रिवायत’ गाणी कानडीत म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत लिंगायत, धनगर, सगळेच असतात. पंजे बसवण्याबद्दल आपल्याकडे मतभेद आहेत, माझंही वेगळं मत आहे. पण इमाम हुसैन (रजि.) यांची शहादत कानडीत ऐकताना गावातली म्हातारी माणसं डोळे पुसतात, हे मामूंनी सांगितलं तेव्हा मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी विजापूर. गोल घुमटाबद्दल नवीन काय लिहू? मुहम्मद आदिलशाह 1656 मध्ये वारले, त्यांची ती कबर. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर, आणि वरच्या सज्जात शाळेच्या सहलीची मुलं ओरडून कान किटवतात. मला इब्राहीम रौजा जास्त आवडला. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे अक्षरंच आहेत. दगडातून अरबी अक्षरं कोरून आरपार काढली आहेत, आणि त्यांतूनच आत उजेड येतो.

तिथे दुसरे इब्राहीम आदिलशाह झोपलेत. 1580 ते 1627 त्यांची कारकीर्द. त्यांनी ‘किताब-ए-नौरस’ हा गाण्यांचा संग्रह लिहिला, तो दखनीत. सुरुवातीला सरस्वतीला वंदन आहे. हे काहींना रुचणार नाही, पण ते तसं आहे हे खरं. त्यांच्याही आधी, पहिल्या इब्राहीम आदिलशाहांनी राज्याचा हिशेब फार्सीतून काढून इथल्या भाषेत आणला, असं फरिश्ता लिहितो. अभ्यासक ही भाषा म्हणजे मुख्यतः मराठी मानतात.

रौजाच्या पायरीवर बसून मी मुलीला सांगू लागले आणि सांगता सांगता मलाच अवघडल्यासारखं झालं. मी बोर्डावर जिला चूक म्हणते ती भाषा इथल्या बादशहाची होती. आमच्या बोलीतलं ‘नक्को’ हे मराठी ‘नको’. ‘मैच’, ‘अब्बीच’ मधला ‘च’ मराठीचा. ‘बाताँ’, ‘औरताँ’ ही अनेकवचनं आणि ‘को’च्या जागी ‘कूँ’ जुन्या दखनी पुस्तकांत जागोजागी सापडतात. नुसरतीसारख्या विजापूरच्या दरबारी शायराने याच भाषेत मोठमोठ्या मसनव्या लिहिल्या. औरंगाबादचे वली 1700 च्या सुमारास दिल्लीला गेले, आणि नंतर त्यांचा दीवान तिथे पोचला, तेव्हा फार्सीत लिहिणाऱ्या दिल्लीच्या शायरांना कळलं की या बोलीतही उत्तम गझल होते. म्हणजे ज्या उर्दूच्या नावाने मी घरची बोली खोडते, तिच्या शायरीची एक मोठी वाट या बोलीतूनच गेली आहे.

हे आपल्याच वाट्याला आलंय असंही नाही. थायलंडच्या ईशान्येला मेकाँग नदीकाठी इसान नावाचा भाग आहे. 1893 च्या तहाने ही नदी सयाम आणि फ्रेंचांच्या ताब्यातलं लाओस यांची हद्द झाली आणि लाओ बोलणारे लोक दोन्ही काठांवर वाटले गेले. आज लाओ बोलणारी माणसं लाओसपेक्षा थायलंडमध्ये जास्त आहेत. पण शाळेत थाईच, त्यामुळे घरची बोली घरातच राहिली. सूरह रूममध्ये (30:22) भाषांचं वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांत मोजलं आहे. ही आयत मी वर्गात कितीदा शिकवली असेल, तरी लाल पेन काही थांबलं नव्हतं.

शहराबाहेर शाहपूरच्या टेकडीवर चिश्ती बुजुर्गांचे मजार आहेत. शाह मीरांजी, त्यांचे पुत्र बुऱ्हानुद्दीन जानम, नातू अमीनुद्दीन आला. या घराण्याने दीनच्या गोष्टी फार्सीत न लिहिता दखनीत लिहिल्या, कारण समोर बसलेल्या माणसांना फार्सी येत नव्हती. आणि याच परंपरेत ‘चक्कीनामा’ नावाची गाणी झाली, बायकांनी दळताना म्हणायची. जात्याच्या दांड्याला अलिफ मानून, दळता दळता अल्लाहचं नाव घ्यायचं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची ही सख्खी बहीण. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या पुस्तकात या गाण्यांवर लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की इथल्या साध्या घरांत दीन पोचला त्यात अशा गाण्यांचा, म्हणजे बायकांचा, मोठा हात होता.

हे मी संध्याकाळी मामूंच्या घरी सांगितलं, तेव्हा अम्मी म्हणाली, ‘वो तो हमारी दादी बी बोलती थी.’ मी चाळीशी ओलांडली आणि हे मला आज कळत होतं. कधी सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘तुम पढ़े-लिखे लोगाँ, तुमना क्या बोलना?’

मागच्या खोलीत मुमानींचं जातं होतं, वर लिंबांची पोती ठेवलेली. मामूंच्या नातवाने पोती हलवली. अम्मी खाली बसली, मुमानी समोर बसल्या. दोघींनी खुंटा धरला. आधी अम्मीला आठवेना, मग दळण सुरू झालं तसं आठवू लागलं. मधल्या दोन ओळी तिला येत नव्हत्या, त्या मुमानींना येत होत्या. एके ठिकाणी कानडी शब्द होता, त्याचा अर्थ दोघींनाही सांगता आला नाही. बाहेरून गौडांच्या घरच्या अक्का आल्या, त्यांनी सांगितला.

मुलगी देवनागरीत लिहून घेत होती, मामूंचा नातू कानडीत आणि मी उर्दूत. रात्री तिन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिलं, तर कानडीतली सगळ्यांत पुरी होती. त्या लिपीत ऱ्हस्व ए आणि ओ लिहिता येतात, अम्मीचा उच्चार त्यांत नेमका बसत होता.

अम्मी आमच्याबरोबर परत आली नाही. रमजानपर्यंत तिथेच राहते म्हणाली. शाळा सुरू झाल्यावर मी बोर्डावर दोन रकाने आखले, एकात घरची बोली आणि दुसऱ्यात किताबी उर्दू. परीक्षेत दुसरा रकानाच लिहायचा, हे मुलांना स्पष्ट सांगितलं आहे, त्यात सूट नाही. पण पहिल्या रकान्यावर आता लाल गोल होत नाही. दर रविवारी मुलगी नानीला फोन लावते आणि वही घेऊन बसते. गेल्या रविवारी अम्मीने आणखी चार ओळी सांगितल्या आणि पाचवीला म्हणाली, ‘अब बस, नक्को आज, थकी मैं.’ मुलीने तेही लिहून घेतलं.