पुन्हा पुन्हा खेळावासा वाटणारा गेम : 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'

पालकसभेत 'व्हिडिओ गेम' हा शब्द निघाला की तो बहुतेक तक्रारीच्या सुरातच निघतो. त्या तक्रारी खोट्या नाहीत. पण सगळे गेम एकाच माळेचे मणी नसतात. आज अशा एका गेमविषयी लिहिते आहे, जो मी दोनदा पूर्ण खेळले आणि आता तिसऱ्यांदा खेळते आहे.

'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हे त्याचं पूर्ण नाव. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो मार्च २०१७ मध्ये आणला. झेल्डा ही मालिका मात्र १९८६ पासूनची. तिचे एक जनक शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोच्या परिसरात डोंगर, ओढे, गुहा धुंडाळत फिरायचे. ती भटकंतीची मजा त्यांना खेळात आणायची होती.

गोष्ट साधी आहे. लिंक नावाचा तरुण शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो, त्याला काहीच आठवत नाही. राजकन्या झेल्डाने गॅनन नावाच्या संकटाला किल्ल्यात रोखून धरलंय. (नायकालाच झेल्डा म्हणणारे पुष्कळ भेटतात. झेल्डा राजकन्या, नायक लिंक!) सुरुवातीच्या उंच पठारावर चार छोटी मंदिरं पूर्ण केली की एक म्हातारबाबा हवेत तरंगायला पॅराग्लायडर देतात. त्यापुढे कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं. थेट किल्ल्यावर चाल करून गेलात तरी गेम अडवत नाही. बहुतेक वेळा आपण मार खाऊन परत येतो, ते वेगळं.

आता खरी गंमत बघा. त्या पठारावर एक बर्फाळ डोंगर आहे. तिथे थंडीने लिंकची ताकद कमी होत जाते. उपाय काय? झोंबणाऱ्या मिरच्या शिजवून खायच्या, किंवा पेटती मशाल हातात धरायची, किंवा उबदार अंगरखा मिळवायचा. तिन्ही उत्तरं बरोबर! आपण गणितात 'दुसऱ्या रीतीने करून बघ' म्हणतो ना, तसंच.

हे जमतं कारण गेमची रचनाच थोड्या नियमांवर उभी आहे. निर्मात्यांनी २०१७ च्या एका परिषदेत ते समजावून सांगितलं होतं. आग, पाणी, वीज, वारा ही तत्त्वं वस्तूंची अवस्था बदलतात आणि एकमेकांचीही बदलतात. बस, एवढंच. पण त्यातून काय काय निघतं! वाळलं गवत पेटवलं की गरम हवा वर उठते आणि त्या झोतावर पॅराग्लायडर उघडून उंच जाता येतं. पाऊस आला की आग विझते, कडे निसरडे होतात. वादळात पाठीवर लोखंडी तलवार असेल तर ठिणग्या दिसू लागतात आणि मग वीज कोसळते. शहाण्याने तलवार काढून ठेवावी. अतिशहाण्याने ती शत्रूच्या तळात फेकावी! काही मंदिरांत विजेचं मंडल तुटलेलं असतं, तिथे खटका शोधत बसण्याऐवजी धातूची तलवार मधे ठेवली तरी मंडल पूर्ण होतं. ज्ञानरचनावादावर आपण इतकी प्रशिक्षणं केली, पण 'आधी अनुभव, मग नियम' हे इतकं स्वच्छ मला क्वचितच दिसलंय.

पुन्हा का खेळायचा? कारण दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते, पण वाट वेगळी निवडता येते. माझं आवडतं ठिकाण एव्हनटाइड बेट. तिथे पाय ठेवला की तुमची सगळी हत्यारं, कपडे, शिदोरी काढून घेतली जाते. तीन गोळे तीन जागी नेऊन ठेवले की सगळं परत मिळतं. तोवर हाती काठ्या, दगड आणि आधी शिकलेलं तेवढं. पहिल्या खेपेस मी रात्रभर नुसती लपले होते. दुसऱ्या खेपेस उतारावरून दगड लोटून राक्षसांचा तळ उधळला. सामान दोन्ही वेळा शून्यच होतं.

आणखी एक मिस्कील गोष्ट. जगभर कोरोक नावाच्या छोट्या वनदेवतांच्या ९०० बिया लपवल्यात. हत्यारांची जागा पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. तरी कोणी सगळ्या ९०० गोळा केल्याच, तर बक्षीस म्हणून शेणाच्या पोसारखं दिसणारं एक सोनेरी काहीतरी मिळतं! स्टार आणि स्टिकरवर वर्ग चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा चिमटा बरोबर बसतो.

पालकांसाठी थोडं व्यवहाराचं. युरोपात या गेमला १२ वर्षांवरील, तर अमेरिकेत १० वर्षांवरील असं मानांकन आहे. तलवारबाजी आहे, रक्तपात दाखवलेला नाही. खेळताना मधे जाहिराती येत नाहीत, अनोळखी लोकांशी गप्पाही नाहीत, हा एकट्याने खेळायचा गेम आहे. मात्र तो खूप मोठा आहे, 'एवढं एक मंदिर' म्हणता म्हणता दोन तास जातात. मंदिरं १२० आहेत, तेव्हा 'आज एकच मंदिर' असं आधीच ठरवून घ्या. संवाद मराठीत नाहीत, इंग्रजी वाचावं लागतं, म्हणून लहान मुलांबरोबर तुम्हीच बसा. रिमोट त्यांच्या हातात द्या आणि मधूनमधून विचारा, "आता पाऊस आला तर काय करशील?"