नकळत अनुकरण : ताडोबाच्या पाणवठ्यापासून रेलाच्या रांगेपर्यंत

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबात पाणवठ्याशी थांबलेल्या जिप्सीतील पर्यटक बांबूच्या बेटाकडे माना वळवून पाहू लागले, की मागून आलेल्या जिप्सीतील माणसेही, वाघ दिसण्याआधीच, त्याच दिशेला वळतात आणि त्यांचे आवाज आपोआप कुजबुजीवर येतात. दुसऱ्याची नजर, हावभाव किंवा बोलण्याची पट्टी अशी अभावितपणे उचलली जाणे, यालाच मानसशास्त्रात नकळत अनुकरण म्हणतात.

स्टॅन्ली मिलग्रम व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कमधील प्रयोगात एकच माणूस वरच्या खिडकीकडे पाहत उभा होता तेव्हा सुमारे ४ टक्के वाटसरू थांबले, तर पंधरा जण पाहत होते तेव्हा ४० टक्के थांबले. पुढे १९९९ मध्ये तान्या चार्ट्रँड व जॉन बार्ग यांनी दाखवून दिले, की सोबतचा माणूस पाय हलवत असेल तर समोरचाही नकळत अधिक पाय हलवतो. शिवाय ज्याच्या लकबींचे अनुकरण होते, त्याला समोरची व्यक्ती अधिक आवडते. या प्रवृत्तीला त्यांनी रंग बदलणाऱ्या सरड्यावरून नाव दिले.

गडचिरोलीतील भामरागड परिसरात माडिया समाजाच्या रेला नृत्यातील पावले शिकलेली असतात, पण एकमेकींना धरून नाचणाऱ्या मुलींची गती शेजारणीच्या अंगाच्या हालचालीवरून जुळत जाते. ही समलय नकळत अनुकरणाच्या जवळची असून तीही आपलेपणा वाढवते.

मात्र जंगलात सगळ्यांच्या माना एकीकडेच वळल्या, तर दुसऱ्या बाजूने जाणारा गवा निसटतो. म्हणून सफारीत एकाने तरी विरुद्ध दिशेला पाहत राहावे.